परत मालाचा हिशेब : पलूससारख्या गावातील बेकरीचे दुकान

तालुक्याच्या गावात दुकानावर ‘बेकरी’ अशी पाटी असली, तरी आत भट्टी असतेच असे नाही. पाव, ब्रेड, खारी, टोस्ट, बटर, नानकटाई आणि क्रीमरोल हा माल बहुधा दुसऱ्या गावच्या भट्टीत भाजला जातो, पहाटे किंवा सकाळी लाईनच्या गाडीने, म्हणजे ठरलेल्या वाटेवरच्या दुकानांना रोज माल टाकत जाणाऱ्या टेम्पोने, दारात उतरतो आणि दुकानदार तो होलसेल दराने घेऊन सुट्या दराने विकतो. अशा दुकानाला भट्टी, कारागीर, मैद्याचा साठा आणि जळण यांचा खर्च नसल्यामुळे ते थोड्या भांडवलात उभे राहते. परंतु मालाचे आयुष्य काही बाबतींत दोन-तीन दिवसांचेच असल्यामुळे दुकान चालवण्याचे कसब प्रामुख्याने रोज किती माल उतरवून घ्यावा आणि न खपलेल्या मालाचा बोजा कोणी सोसावा, या दोन प्रश्नांत सामावलेले असते.

माल एकीकडे करायचा आणि दुसरीकडे विकायचा, ही व्यवस्था पलूस तालुक्याला नवी नाही. याच तालुक्यातील भिलवडीत भास्कर गणेश चितळे यांनी १९३९ साली दुग्धव्यवसाय उभा केला आणि १९५० साली त्यांच्या मुलांनी पुण्यात मिठाईचे दुकान काढले. नाशिवंत मालाचे उत्पादन कृष्णाकाठी आणि त्याची बाजारपेठ शेकडो किलोमीटर लांब, ही रचना टिकण्यात रेल्वेमार्गाचा वाटा मोठा होता. पलूसमधील बेकरी विक्रेता हीच साखळी उलट्या दिशेने चालवतो: सांगली-मिरज, कराड, विटा अशा मोठ्या गावांतील उत्पादकांचा माल तो लहान गावात आणतो. अंतर कमी आणि रस्ते बरे असल्याने त्याची वाहतूक सोपी असते. मात्र चितळ्यांच्या दुकानाला स्वतःच्याच घरचा पुरवठा होता, तर या विक्रेत्याला पुरवठादाराशी दर, वेळ आणि परतीच्या अटी ठरवून घ्याव्या लागतात.

गिऱ्हाईक कोणते, हे तालुक्याच्या अर्थव्यवस्थेवरून कळते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानाच्या हद्दीत वसवलेली किर्लोस्करवाडी पलूसला लागून आहे, कुंडलला क्रांतिअग्रणी डॉ. जी. डी. बापू लाड सहकारी साखर कारखाना आहे, आणि भोवतालचा मुलूख ऊस व द्राक्षे यांचा आहे. कारखान्याच्या पाळीला निघालेल्या कामगाराला सकाळी चहाबरोबर टोस्ट किंवा बटर लागते, द्राक्षांच्या छाटणीला आणि काढणीला येणाऱ्या मजुरांना दुपारपर्यंत तग धरणारे स्वस्त खाणे लागते, एसटी स्टँडवरील वडापावच्या गाड्यांना लादी पाव लागतो आणि संध्याकाळी शाळा-कॉलेज सुटल्यावर पॅटिस व क्रीमरोल हलतो. मिसळीबरोबर लादी पाव की स्लाइस ब्रेड, हा प्रश्नही या भागात गौण नाही, कारण कोल्हापूरच्या पद्धतीने मिसळ देणारे हॉटेलवाले ब्रेडच मागतात आणि त्यांचा आठवड्याचा खप एखाद्या गल्लीच्या घरगुती खपापेक्षा जास्त भरू शकतो.

मालाची निवड करताना पदार्थांची नावे पाहण्यापेक्षा त्यांच्यातील पाणी पाहणे अधिक उपयोगाचे ठरते. अन्नात असलेले सगळेच पाणी जंतूंच्या उपयोगी पडत नाही. साखर, मीठ, पिष्ट यांनी बांधून न ठेवलेले जे मोकळे पाणी उरते त्याचे माप अन्नशास्त्रात शून्य ते एक या पट्टीवर सांगतात. पाव-ब्रेडमध्ये हे माप ०.९५ च्या आसपास असते, सर्वसाधारण बुरशीला वाढायला ०.७ ते ०.८ पुरते, आणि बिस्किटे किंवा टोस्ट यांत ते त्याच्या निम्म्याहूनही खाली उतरते. टोस्ट म्हणजे दुसऱ्यांदा भाजून पाणी काढून टाकलेला पावच असल्याने तो कित्येक आठवडे टिकतो, तर ज्या पावापासून तो झाला तो पाव उन्हाळ्यात तिसऱ्या दिवशी बुरशी धरतो. पुष्कळ उत्पादक ब्रेडमध्ये कॅल्शियम प्रोपियोनेट नावाचे परवानगी असलेले परिरक्षक घालतात व त्यामुळे बुरशी काही दिवस लांबते. गावठी भट्टीच्या लादी पावात ते असेलच असे नाही.

पाव शिळा होणे आणि पाव वाळणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत, हे मात्र अनेक दुकानदारांच्या लक्षात येत नाही. भाजताना मैद्यातील पिष्टाचे कण पाणी शोषून फुगतात व मऊ होतात. पाव निवल्यानंतर त्या पिष्टाचे रेणू पुन्हा एकमेकांजवळ येऊन रांगेने बसू लागतात आणि पाणी पावातच असूनही तो कडक, चिवट आणि भुसभुशीत लागू लागतो. ही क्रिया शून्याच्या थोड्या वरच्या तापमानात, म्हणजे नेमक्या फ्रिजच्या तापमानात, सर्वांत वेगाने होते. त्यामुळे उरलेला पाव ‘टिकावा’ म्हणून फ्रिजमध्ये ठेवणारा दुकानदार बुरशी लांबवतो खरा, पण पाव लवकर शिळा करतो, आणि दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक तो दाबून पाहून परत ठेवते. एप्रिल-मे महिन्यांत आणखी एक रोग संभवतो: मैद्यातून आलेल्या काही जिवाणूंची बीजे भट्टीच्या उष्णतेतही मरत नाहीत, उकाड्यात ती वाढून पावाच्या मध्यभागी चिकट तार धरते आणि अतिपिकलेल्या फळासारखा वास येतो. असा पाव वरून अगदी चांगला दिसतो, म्हणून उन्हाळ्यात उतरवून घेतलेल्या मालातील एखादा पाव मोडून पाहणे शहाणपणाचे.

ब्रेडची पिशवी हातात घेतल्यावर आतल्या बाजूने पाण्याचे बारीक थेंब दिसत असतील, तर तो ब्रेड पुरता निवण्याआधीच भरला गेला आहे असे समजावे. हे थेंब ज्या कडेला साचतात तिथेच पहिला हिरवट ठिपका उठतो, मग वेष्टनावर तारीख काहीही छापलेली असो. खारीची परीक्षा याच्या उलट असते. तिला पाणी नको असते. एक तुकडा दोन बोटांत धरून दाबला असता पापुद्रे आवाज करून तुटले तर माल ताजा, आणि तुकडा न तुटता वाकला तर तो सादळलेला. शिवाय खारीत वनस्पती तुपाचे प्रमाण मोठे असल्याने जुन्या मालाला खवट वास येतो व तो बरणीचे झाकण उघडताच कळतो. सादळलेली खारी पुन्हा तापवून कुरकुरीत करता येते, खवट झालेली मात्र कशानेही सुधारत नाही. खारीच्या तुपातील ट्रान्स फॅट, म्हणजे वनस्पती तेल घट्ट करताना तयार होणारा आणि हृदयाला घातक ठरणारा स्निग्धांश, १ जानेवारी २०२२ पासून २ टक्क्यांच्या आत ठेवण्याचे बंधन देशभर आले; भट्टीवाला कोणते तूप वापरतो हे विचारण्याचा हक्क विक्रेत्याला आहे, जरी तो क्वचितच बजावला जातो.

आता हिशेबाकडे वळता येईल. उदाहरणादाखल असे धरू की, लादी, म्हणजे एकाच ट्रेमध्ये एकमेकांना चिकटून भाजलेल्या पावांचा जोड, दुकानदाराला २० रुपयांना पडते आणि तो ती २५ रुपयांना विकतो. खरेदीवर पाहिले तर हा नफा २५ टक्के दिसतो, विक्रीवर पाहिले तर २० टक्के, आणि पुरवठादार नेहमी मोठा वाटणारा आकडा सांगतो. परंतु महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे: खपलेली लादी ५ रुपये देते आणि न खपलेली लादी २० रुपये नेते, म्हणून एक लादी वाया जाण्याचा तोटा भरून काढायला चार लाद्या विकाव्या लागतात. समजा, दहा दिवसांत गिऱ्हाइकांनी मागितलेल्या लाद्यांची संख्या ३२, ३४, ३५, ३६, ३६, ३८, ४०, ४१, ४३ आणि ४५ अशी भरली. सरासरी ३८ येते, आणि रोज ३८ लाद्या घ्याव्यात असे कोणालाही वाटेल. तसे केल्यास दहा दिवसांत ३८० लाद्या घेऊन ३६३ खपतील आणि नफा १,४७५ रुपये उरेल. रोज ३४ किंवा ३५ लाद्याच घेतल्या तर मात्र नफा १,६५० रुपये होतो. छत्तिसावी लादी दहापैकी सातच दिवस खपते, तेव्हा ती ३५ रुपये मिळवून देते आणि ६० रुपये घालवते. असा विचार लादीगणिक केला की सरासरीपेक्षा कमी माल घेणे का परवडते ते उलगडते. अर्थशास्त्रात हा प्रश्न वृत्तपत्र विक्रेत्याचा प्रश्न म्हणून ओळखला जातो, कारण कालचे वर्तमानपत्र आणि कालचा पाव यांना सारखीच किंमत असते.

परतीची अट या गणितात बसवली की तिचे खरे मोल कळते. पुरवठादार न खपलेली लादी निम्म्या किमतीला परत घेत असेल, तर रोज ३६ लाद्या घेणे सर्वांत फायद्याचे ठरते आणि नफा १,६९५ रुपयांवर जातो. तो पूर्ण किमतीला परत घेत असेल, तर दुकानदार बिनघोर ४५ लाद्या मांडू शकतो, एकही गिऱ्हाईक रिकाम्या हाताने जात नाही आणि नफा १,९०० रुपये होतो. याउलट परत काहीही न घेता दर २० ऐवजी १९ रुपये लावला, तर ३५ लाद्यांवर २,००० रुपये सुटतात. म्हणजे या उदाहरणात पूर्ण परतीची सवलत लादीमागे सुमारे ७० पैशांच्या सुटीइतकी मोलाची आहे. पुरवठादार परत बंद करून ५० पैसे कमी करत असेल तर तो सौदा दुकानदाराच्या तोट्याचा, आणि रुपया कमी करत असेल तर फायद्याचा. ‘परत घेणारा पुरवठादार चांगला’ किंवा ‘दर कमी लावणारा चांगला’ ही दोन्ही मते व्यापारात ठामपणे ऐकू येतात, पण परत हाही दराचाच एक भाग आहे आणि रोजच्या मागणीची नोंद हाताशी असल्याशिवाय या दोहोंची तुलना करता येत नाही.

ही नोंद विक्रीची नव्हे, मागणीची हवी. संध्याकाळी सहाला लाद्या संपल्या आणि त्यानंतर पाच जण विचारून गेले, तर वहीत विक्रीचा आकडा तेवढाच राहतो व दुकानदाराला आपला अंदाज बरोबर आल्याचे समाधान मिळते. म्हणून माल संपल्याची वेळ आणि नंतर विचारून गेलेल्यांची संख्या लिहून ठेवणे आवश्यक असते. रिकाम्या हाताने गेलेले गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात केवळ पावच घेत नाही, तर सोबत टोस्टचा पुडा आणि बिस्किटेही तिथेच घेते, हे वरच्या गणितात आलेले नाही. तेव्हा नव्या दुकानाने पहिले काही महिने थोडा जास्त माल घेऊन तो तोटा जाहिरातीचा खर्च म्हणून सोसणे गैर नाही.

खारी-टोस्टचा हिशेब दिवसांवर नव्हे तर चुऱ्यावर चालतो. दहा किलोचा डबा २०० रुपये किलोने घेऊन २५० रुपये किलोने सुटा विकला तर कागदावर ५०० रुपये नफा दिसतो, पण हाताळताना अर्धा किलो चुरा झाला तर प्रत्यक्षात ३७५ रुपयेच हाती येतात, म्हणजे पाच टक्के चुऱ्याने नफ्याचा चौथा हिस्सा खाल्ला. लहान डबे घेणे, बरणीतून चिमट्याने काढणे आणि नवा माल जुन्यावर न ओतता जुना आधी संपवणे या साध्या सवयी इथे दरातील घासाघिशीपेक्षा अधिक कमावून देतात. क्रीमच्या केकचे तिसरेच तंत्र आहे. त्याला थंड कपाट लागते आणि वीज गेली की जीव टांगणीला लागतो. मात्र वाढदिवसाचा केक आगाऊ नोंदणीवर आणि आगाऊ रकमेवर मागवला तर तो वाया जाण्याचा धोका जवळजवळ उरत नाही, म्हणून नव्या विक्रेत्याने कपाटात केक मांडण्याऐवजी नमुन्यांची चित्रे ठेवून नोंदणी घेण्यापासून आरंभ करावा. अंडे घातलेला व बिनअंड्याचा केक वेगळा ठेवणे हा तर सचोटीचा आणि कायद्याचा दोन्हींचा विषय आहे: वेष्टनावर शाकाहारासाठी चौकटीतले हिरवे वर्तुळ आणि अंडे असल्यास चौकटीतला तपकिरी त्रिकोण लागतो, आणि औदुंबरसारखे दत्तक्षेत्र ज्या तालुक्यात आहे तिथे गुरुवारी व श्रावणात गिऱ्हाईक ही खूण उलटसुलट करून पाहते.

कायद्याच्या बाजूने पाहता, स्वतः काहीही न भाजणारा विक्रेतासुद्धा अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ याच्या दृष्टीने अन्न व्यावसायिकच असतो. २०११ च्या नियमांनी वार्षिक उलाढाल १२ लाख रुपयांपर्यंत असलेल्या लहान व्यावसायिकाला परवान्याऐवजी साधी नोंदणी आणि वर्षाला १०० रुपये शुल्क अशी सवलत ठेवली. अशा मर्यादा वेळोवेळी बदलत असल्याने अर्ज करताना चालू मर्यादा पाहून घ्यावी. यासोबत दुकाने व आस्थापना कायद्याखालील सूचना, जिला लोक अजूनही ‘शॉप ॲक्ट’ म्हणतात, नगरपरिषदेची पूर्तता आणि काट्याची वैधमापन विभागाकडून दरवर्षी पडताळणी एवढी कागदपत्रे सांभाळावी लागतात.

या सगळ्यांपेक्षा विक्रेत्याच्या अधिक उपयोगाचा आणि सर्वांत दुर्लक्षित कागद म्हणजे खरेदीचे पक्के बिल. कायद्याच्या २६ व्या कलमानुसार उत्पादकाने वा वितरकाने विक्रेत्याला मालाच्या दर्जाची लेखी हमी द्यावी लागते आणि साधे बिलसुद्धा अशी हमी मानले जाते. २७ व्या कलमानुसार मुदत संपलेला, अस्वच्छ स्थितीत ठेवलेला किंवा ज्याचा उत्पादक अथवा वितरक कोण हे सांगता येत नाही असा माल विकल्यास जबाबदारी विक्रेत्याची ठरते. दोन्ही कलमे एकत्र वाचली की अर्थ सरळ आहे: लाईनच्या गाडीवाल्याने कच्च्या चिठ्ठीवर टाकलेल्या खारीत काही दोष निघाला तर तो दोष कायद्याने दुकानदाराच्या गळ्यात येतो, पक्के बिल असेल तर तो भट्टीपर्यंत नेता येतो. आणखी एक चूक सर्रास घडते. सुटी खारी गिऱ्हाइकासमोर तोलून देणे ही विक्री झाली, पण तीच खारी आधी पाव-पाव किलोच्या पिशव्यांत भरून त्यावर स्वतःच्या दुकानाचे नाव चिकटवले की दुकानदार पुनर्वेष्टन करणारा ठरतो आणि त्याला त्या प्रकारची वेगळी मान्यता व वेष्टनावर पूर्ण माहिती छापणे भाग पडते. वर्तमानपत्राच्या कागदात पॅटिस गुंडाळून देणे तर छपाईच्या शाईमुळे अयोग्य ठरवलेलेच आहे.

वस्तू व सेवा कराचा भार आता हलका झाला आहे. साध्या ब्रेडवर कर पूर्वीपासूनच नाही, टोस्टवर ५ टक्के होता व आहे, आणि केक, बिस्किटे, पेस्ट्री यांच्यावरचा १८ टक्के कर २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्क्यांवर आला. केवळ माल विकणाऱ्याला ४० लाख रुपयांच्या वार्षिक उलाढालीपर्यंत नोंदणीची सक्ती नसल्याने पलूसमधील लहान दुकान बहुधा या कराच्या बाहेर राहते. पण खरेदीत भरलेला कर त्याला परत मिळत नाही, तो किमतीतच मुरतो.

उधारी हा या धंद्यातील न दिसणारा शिळा माल होय. मिसळीचे हॉटेल आणि वडापावच्या गाड्या रोज मोठा पाव उचलतात, पण ते दुकानदाराकडून होलसेलला लागून असलेला दर मागतात आणि पैसे आठवड्याने देतात, तर लाईनची गाडी बहुधा रोखीने किंवा दुसऱ्या दिवशी पैसे मागते. लादीमागे २ रुपये सुटणाऱ्या रोजच्या ५० लाद्या एखाद्या हॉटेलला सात दिवसांच्या उधारीवर दिल्या, तर २० रुपयांच्या खरेदीदराने दुकानदाराचे ७,००० रुपये कायमचे अडकून पडतात आणि त्यावर आठवड्याला ७०० रुपये सुटतात. एक आठवडा बुडाला की ती रक्कम भरून काढायला दहा आठवडे लागतात. प्रधानमंत्री मुद्रा योजनेत २०१५ पासून शिशु गटात मिळणारे ५०,००० रुपयांपर्यंतचे विनातारण कर्ज बरण्या, मांडणी, काटा आणि पहिल्या मालाला पुरते. ते हॉटेलवाल्याच्या वहीत अडकू देऊ नये.

पुरवठ्याचे संकट या तालुक्यात पाण्यातून येते. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये कृष्णेला आलेल्या महापुरांत भिलवडी, अंकलखोप, ब्रह्मनाळ, बुर्ली यांसारखी काठची गावे वेढली गेली आणि रस्ते बंद पडले. अशा वेळी लादी पावाची गाडी पहिल्या दिवशीच थांबते, आणि नेमक्या त्याच दिवसांत चूल न पेटलेल्या घरांना व मदतीचे सामान बांधणाऱ्यांना तयार खाण्याची सर्वाधिक गरज असते. जुलै-ऑगस्टमध्ये टोस्ट, बटर आणि बंद पुड्यांतील बिस्किटांचा साठा नेहमीपेक्षा जास्त ठेवणे आणि नदीच्या दोन्ही बाजूंना एकेक पुरवठादार जोडून ठेवणे, एवढी तयारी परवडणारी आहे.

खप वाढत गेला की स्वतःची भट्टी टाकण्याचा विचार डोकावतो, आणि सरकारी योजनाही त्याच दिशेने ओढतात, कारण २०२० साली सुरू झालेल्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजनेतील पात्र खर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपयांचे अनुदान प्रक्रिया करणाऱ्याला मिळते, नुसत्या विक्रेत्याला मिळत नाही. मात्र भट्टी रोज पेटवावी लागते, कारागिराला रोजची हजेरी द्यावी लागते आणि न खपलेला पाव परत घेणारे मागे कोणी राहत नाही. तो टोस्ट करून संपवायचा की गोठ्यावर खाद्य म्हणून द्यायचा, हेही मग स्वतःलाच ठरवावे लागते, आणि बुरशी आलेला पाव तर जनावरांनाही चालत नाही. वहीतील सर्वांत कमी मागणीच्या दिवसाचा आकडासुद्धा भट्टीचा एक घाणा पुरा खपवू शकेल इतका झाला नसेल, तोवर लाईनच्या गाडीची वाट पाहणेच अधिक फायद्याचे असते.